दंडाचे स्नायू सगळ्यांचे सारखे नसतात का?

रविवारचा_पैलवान
मंडळी, वाद घरातच पेटलाय आणि मिटत नाहीये. मी आणि धाकटा भाऊ एकाच जिममध्ये जातो, एकाच ताटातलं जेवतो, वजनंही जवळपास सारखीच उचलतो. त्याने हात दुमडला की बेटकुळी अशी टरारून वर येते की बघत राहावं. माझी मात्र आडवी पसरते. गंमत म्हणजे कोपराजवळ माझा दंड भरलेला दिसतो, आणि त्याच्या कोपरापाशी दोन बोटं सहज मावतील एवढी जागा रिकामी आहे.

ट्रेनरचं म्हणणं, "त्याच्या बायसेप्सला (दंडाचा पुढचा स्नायू) तीन हेड (वर हाडापासून निघणारे पट्टे) आहेत, तुला दोनच. तुला स्पेशल प्रोग्राम लागेल." स्पेशल प्रोग्रामचे पैसे अर्थातच वेगळे.

तर प्रश्न असा: तीन हेडचा बायसेप्स खरंच असतो का, की ही थाप आहे? असेल तर तो बाहेरून ओळखू येतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाकीच्यांनी टवाळी केली तरी चालेल, घरी सवय आहे.

चिंचगुळाची_आमटी
मी पहिली! आमच्याकडे बेटकुळीचा प्रश्नच नाही, सपाट प्रदेश आहे.

टिळक_रोडवरचा
ट्रेनरला तिसरं डोकं दिसलं, पण ग्राहकाचं पहिलं दिसलं नाही.
(हलकेच घ्या.)

हाडांची_बाई
मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिसरं हेड ही थाप नाही. दंडाच्या स्नायूंमध्ये जे वेगळेपण सापडतं, त्यात सगळ्यात नेहमीचं हेच. एरवी बायसेप्सची दोन हेड खवाट्याच्या हाडावरून निघतात. लांब हेड खांद्याच्या सांध्याच्या खोबणीच्या अगदी वरून, तर आखूड हेड कोराकॉइड नावाच्या पुढे आलेल्या टोकावरून. दोन्ही खाली एक होतात आणि कोपराच्या पुढून जाऊन रेडियस या कोपराखालच्या हाडाला चिकटतात. तिसरं हेड असलंच तर बहुतेक वेळा ते खवाट्यापर्यंत जातच नाही. ते दंडाच्या हाडावरूनच, आतल्या बाजूने निघतं. कोराकोब्रेकियालिस आणि ब्रेकियालिस हे दंडाचेच आणखी दोन स्नायू; पहिला जिथे संपतो आणि दुसरा जिथे सुरू होतो त्या सुमाराला. तिथून ब्रेकियल धमनीच्या मागून उतरून बायसेप्सला मिळतं. बऱ्याचदा एकाच हातात असतं, दुसऱ्यात नसतं. चार हेडही सापडतात, पण क्वचित.

डिसेक्शन हॉलमध्ये हे कसं लक्षात येतं सांगते. त्वचा आणि चरबी काढून झालेली असते, कोणीतरी चिमट्याने बायसेप्स उचलतं आणि खाली एक जास्तीचा पट्टा दिसतो. सगळ्या बॅचेसचा पहिला प्रश्न एकच, "मॅडम, आमच्याकडून कापताना चुकलं का?" म्हणजे एकाचे दोन केले का. मग मी त्यांना पट्टा वरपर्यंत सोडवायला लावते, हाडावर कुठे चिकटलाय ते बघायला लावते, आणि मग त्याच्यात शिरणारी मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हची (दंडाच्या पुढच्या स्नायूंना जाणारी नस) बारीक फांदी शोधायला लावते. स्वतःची फांदी मिळाली की शंका संपते. मग अख्खा हॉल त्या टेबलाभोवती जमतो आणि उरलेल्या टेबलांवरचं काम बंद पडतं.

रविवारचा_पैलवान, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बाहेरून ओळखू येत नाही. तुझ्या ट्रेनरला एमआरआयचे डोळे असतील तर गोष्ट वेगळी.

रविवारचा_पैलवान
मॅडम, _/\_ . मग भावाची बेटकुळी एवढी उंच का?

लोखंडाची_भूक
ट्रेनरला सरसकट झोडपू नका. तीन हेड म्हणजे जास्त स्नायू, जास्त स्नायू म्हणजे जास्त ताकद, हे साधं गणित आहे. कॉम्पिटिशनमध्ये काही जणांचा दंड बघून वाटतंच की याच्यात काहीतरी एक्स्ट्रा आहे.

मनगटबहाद्दर
@लोखंडाची_भूक, फिजिओथेरपिस्ट आहे, असहमत. ताकद ठरते स्नायूच्या एकूण जाडीवर, तो हाडाला कुठे चिकटलाय त्यावर आणि सरावावर. सुटा, बोटाएवढा पट्टा मिळाल्याने कोणी गामा होत नाही. आणि कोपर वाकवण्याचं मुख्य काम बायसेप्सचं नाहीच. ते करतो त्याच्या खाली लपलेला ब्रेकियालिस. बायसेप्सचा खरा जोर दिसतो तळहात वर फिरवताना. उजव्या हाताने स्क्रू घट्ट आवळताना डाव्या हाताने उजवा दंड चाचपून बघा, कळेल.

आता @रविवारचा_पैलवान, तुझ्या बेटकुळीचं उत्तर. स्नायूचा मांसल भाग किती लांब आणि खालची दोरी, म्हणजे टेंडन, किती लांब, हे प्रत्येकात वेगळं. तुझ्या भावाचा मांसल भाग आखूड आणि टेंडन लांब. म्हणून कोपरापाशी जागा रिकामी, आणि आखडताना सगळं मांस थोड्या जागेत गोळा होऊन उंच दिसतं. तुझा मांसल भाग लांब, म्हणून कोपरापर्यंत भरलेला पण उंची कमी. व्यायामाने जाडी वाढेल, ही लांबी बदलणार नाही. कुठल्याही प्रोग्रामने नाही.

टिळक_रोडवरचा
थोडक्यात, पैसे भावाकडून घ्या. त्याने मांस वाचवलंय.

लोखंडाची_भूक
@मनगटबहाद्दर, टेंडनचं मान्य. ताकदीबद्दल अजून पटलेलं नाही, पण वाद घालण्याइतकं माझ्याकडे काही नाही. वाचतोय.

अकरावी_ब
एक बाळबोध प्रश्न. मुळात असं होतंच का? डीएनए सगळ्यांचा माणसाचाच ना?

हाडांची_बाई
प्रश्न बाळबोध नाही. गर्भात हाताचा कोंब फुटतो तो चौथ्या आठवड्यात. मणक्यांच्या बाजूच्या गाठींमधून स्नायूंच्या पेशी चालत चालत त्या कोंबात येतात. सुरुवातीला वेगवेगळे स्नायू नसतातच. पुढच्या बाजूला एक सलग पुंजका आणि मागच्या बाजूला दुसरा. पुढच्या काही आठवड्यांत त्या पुंजक्यांना भेगा पडत जातात आणि पुढच्या एकातूनच बायसेप्स, कोराकोब्रेकियालिस, ब्रेकियालिस सुटे होतात. तिघांनाही मुख्य पुरवठा मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हचाच असतो, तो याचमुळे. भेग जरा इकडे पडली तर एक पट्टा बायसेप्सकडे राहतो, जरा तिकडे पडली तर ब्रेकियालिसकडे. जास्तीचं हेड बहुधा असं येतं.

ब्रेकियालिसचीच गंमत बघा. त्याच्या बाहेरच्या भागात बहुतेकांमध्ये रेडियल नर्व्हचीही फांदी शिरते. रेडियल खरं तर मागच्या बाजूची नर्व्ह. सीमारेषा आपण वहीत आखतो तेवढी सरळ नसते.

सतारवाली
धाग्यावर यायचं नव्हतं, पण विषय जवळचा निघाला म्हणून लिहिते.

मला अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या यायच्या. मी सतार वाजवते, त्यामुळे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं की मनगटात नस दबतेय. पट्टा बांधला, इंजेक्शन घेतलं, कितीतरी महिने रियाज बंद. काही फरक नाही. कुठे दाखवत होते त्याचं नाव घेत नाही, आता त्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मी पहिल्यापासून सांगत होते: हात कोपरात सरळ ताणला की जास्त होतं. ते कोणी लिहूनही घेतलं नाही.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी मनगट सोडून दंडाला हात लावला. कोपराच्या आतल्या बाजूला, साधारण तीन बोटं वर, त्यांनी दाबलं आणि म्हणाले, "इथे काहीतरी टणक लागतंय." तिथे टिचकी मारली तर बोटांत करंट. तिरका एक्सरे काढला. दंडाच्या हाडातून खाली कोपराकडे तोंड केलेलं एक छोटंसं हाडाचं टोक निघालेलं. त्या टोकापासून कोपराच्या आतल्या उंचवट्यापर्यंत एक घट्ट पट्टी, आणि माझी मीडियन नर्व्ह, म्हणजे अंगठ्याकडच्या बोटांना जाणारी नस, त्याच्या खालून जात होती. ऑपरेशन करून टोक आणि पट्टी दोन्ही काढली. आता रियाज सुरू आहे, गुरुजींच्या शिव्यांसकट.

हाडांची_बाई
@सतारवाली, हे फार मोलाचं लिहिलंत. या टोकाला सुप्राकॉन्डिलर प्रोसेस म्हणतात आणि पट्टीला स्ट्रुथर्सचं लिगामेंट. साधारण शंभरात एखाद्याला असतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. त्रास झालाच तर मीडियन नर्व्ह किंवा शेजारून जाणारी ब्रेकियल धमनी दबते म्हणून. साधा समोरून काढलेला एक्सरे त्याला हुलकावणी देऊ शकतो, कारण टोक हाडाच्या पुढच्या-आतल्या बाजूला असतं. तिरका काढणारा डॉक्टर हुशार.

बोका_नंबर_वन
मांजरांमध्ये तर हे रीतसर असतं! दंडाच्या हाडाला खालच्या टोकाशी चक्क भोक, आणि त्यातून नर्व्ह आणि धमनी जाते. पशुवैद्यक आहे, रोज बघतो. ताई, तुमच्यात मांजराचा अंश आहे.

सतारवाली
घरचे हेच म्हणतात. रियाजाच्या आवाजावरून.

जुनी_पानं
या स्ट्रुथर्सबद्दल थोडं. जॉन स्ट्रुथर्स हा स्कॉटलंडचा शरीररचनाकार, पुढे ॲबर्डीनला प्राध्यापक होता. १८४०-५० च्या दशकांत त्याने या टोकावर आणि पट्टीवर लिहिलं. डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर जे पुस्तक काढलं त्याच्या १८७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्ट्रुथर्सचा हवाला आहे: एका बापाला हे होतं आणि त्याच्या सात मुलांपैकी चौघांना. डार्विनला ते हवंच होतं, कारण खालच्या प्राण्यांत नेमाने दिसणारी गोष्ट माणसात अधूनमधून डोकावते हा त्याचा मुद्दा.

याच स्ट्रुथर्सने डंडीजवळ मारल्या गेलेल्या एका देवमाशाचं विच्छेदन १८८४ मध्ये केलं. ज्याने तो विकत घेतला होता तो तिकीट लावून लोकांना मासा दाखवत होता, आणि प्राध्यापकसाहेब सडक्या वासात हाडं मोजत होते. अवांतर आहे, पण राहवलं नाही.

ऋषितुल्य
परदेशी नावंच का घ्यायची? सुश्रुतांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय.

जुनी_पानं
काय सांगून ठेवलंय ते नीट सांगू या. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी (म्हणजे स्नायू) ५०० मोजल्यात, त्यातल्या ४०० हातापायांत. मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवायचं आणि मग वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर बघायचा, अशी पद्धत दिलीये. हातांनी बघितल्याशिवाय ज्ञान पुरं होत नाही असंही बजावलंय. याचा अभिमान मलाही आहे. पण बायसेप्सचं तिसरं हेड किंवा हे टोक त्यात आहे असं म्हणायचं असेल तर श्लोक द्या.

ऋषितुल्य
शोधून देतो.

टिळक_रोडवरचा
धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भूल_देणारा
भूलतज्ज्ञाचे चार शब्द. हाताच्या ऑपरेशनला काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात. त्यात मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह बऱ्याचदा निसटते, कारण ती बाकीच्या नर्व्ह सोडून आधीच कोराकोब्रेकियालिसमध्ये घुसलेली असते. म्हणून तिला वेगळं गाठावं लागतं. काहींमध्ये ती त्या स्नायूत घुसतच नाही, मीडियनच्या अंगाला अंग लावून खाली जाते. पूर्वी सगळं अंदाजाने चालायचं आणि एखादा पेशंट ऑपरेशन सुरू झाल्यावर "इथे कळतंय हो" म्हणायचा. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर नर्व्ह बघूनच सुई जाते. मग कळतं की पुस्तकातलं चित्र हे अनेक चित्रांपैकी एक आहे.

चिंचगुळाची_आमटी
माझ्या नणदेची मुलगी म्हणते, अंगठा करंगळीला लावून मनगट वाकवलं की मधोमध एक दोरी वर येते, आणि काहींना ती नसतेच. माझ्या उजव्या हाताला आहे, डाव्याला नाही!! मी म्यूटंट आहे का?

बोका_नंबर_वन
दोन्हींकडे आहे.

अकरावी_ब
दोन्हींकडे नाही. वर्गात सगळ्यांचे हात बघितले, सर ओरडले.

सतारवाली
डावीकडे आहे, उजवीकडे पुसट.

लोखंडाची_भूक
दोन्हींकडे, दोरखंडासारखी.

मनगटबहाद्दर
तो पामारिस लाँगस. साधारण सात माणसांत एकाच्या निदान एका हाताला नसतो, समाजागणिक प्रमाण बरंच बदलतं. नसल्याने पकडीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, म्हणूनच सर्जन त्याचं टेंडन काढून दुसरीकडे जोडायला वापरतात. पण लोकहो, हा दंडाचा नाही, कोपराखालचा स्नायू आहे.

रविवारचा_पैलवान
धागाकर्ता म्हणून विनंती, मनगटांची हजेरी वेगळ्या धाग्यावर घ्या.
(माझी दोन्हींकडे आहे.)

आकडेमोड
वर कोणी टक्केवारी दिली की मला खाज सुटते. तिसऱ्या हेडचं प्रमाण पाठ्यपुस्तकात १० टक्के म्हणून ठोकून दिलेलं असतं. जुन्या संदर्भांत चिनी लोकांत ८ आणि जपान्यांत १८ असे आकडे फिरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या १९९३ च्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांत २० च्या वर, गोऱ्यांत ८ च्या आसपास. भारतातल्या बऱ्याच अभ्यासांत दहाच्या खाली. आता यावरून वंशांबद्दल सिद्धान्त मांडायच्या आधी एक बघा: यातले पुष्कळ अभ्यास एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये जेवढे देह मिळाले तेवढ्यांवर उभे आहेत. पन्नास हातांत दोन सापडले तर ४ टक्के, पाच सापडले तर १०. शिवाय कोणी हात मोजतं, कोणी माणसं मोजतं. एकाच्याच हाताला असेल तर दोन्ही आकडे वेगळे येतात.

हाडांची_बाई
@आकडेमोड, अगदी. त्यात आणखी एक भर घाला, सापडलं तर पेपर लिहिला जातो, नाही सापडलं तर कोणी लिहीत नाही.

काखेतला_कळस
कॅन्सर सर्जरीत आहे, म्हणून काखेतलं एक. पाठीचा रुंद स्नायू लॅटिसिमस, त्याच्यापासून छातीच्या पेक्टोरॅलिसकडे काखेतून आडवी जाणारी मांसाची कमान काहींमध्ये असते. लांगरची कमान म्हणतात, कारण १८४६ मध्ये लांगरने लिहिलं. रॅम्सेने १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण नाव राहिलं ते लांगरचं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढताना ही अचानक समोर आली की नवखा सर्जन गोंधळतो. लॅटिसिमसची कड समजून तो कमानीपाशीच थांबला तर मागच्या गाठी राहून जाऊ शकतात. इथे "वेगळेपण निरुपद्रवी असतं" हे वाक्य पुरत नाही. पेशंटला निरुपद्रवी असलेली गोष्ट सर्जनला नडते.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. बाबा ७२ वर्षांचे, पुण्यात असतात. महिन्यापूर्वी गॅसचा सिलिंडर एकट्याने ढकलताना खांद्यात "टच्" झालं, आणि आता हात दुमडला की बेटकुळी खाली सरकून कोपराजवळ गोळा होतो. त्यांच्या मते हे जन्मापासूनच होतं. हे तुमच्या त्या वेगळेपणात बसतं का?

मनगटबहाद्दर
@सातासमुद्रापार, नाही बसत. वर्णनावरून बायसेप्सच्या लांब हेडचं टेंडन खांद्यापाशी तुटलेलं वाटतं. या वयात ते आधीच झिजलेलं असतं, सिलिंडर फक्त निमित्त. वयस्कर माणसांत बऱ्याचदा ऑपरेशन न करता भागतं, तळहात फिरवण्याचा जोर थोडा कमी होतो. पण खांद्यातली इतर टेंडनही बघायला हवीत, तेव्हा ऑर्थोपेडिककडे न्याच. जन्मापासून होतं हे काकांचं म्हणणं काकूंसमोर विचारून बघा.

सातासमुद्रापार
आईला विचारलं. ती म्हणाली, "लग्नात तरी नव्हतं." अपॉइंटमेंट घेतली.

शाहूनगरीचा_गडी
मी बी एक इचारतो. तालमीत जोर मारताना, खाली जाऊन वर येताना माझ्या कोपराच्या आतल्या अंगाला टक-टक असं दोनदा वाजतंय. दुखत न्हाई, पण कधीकधी करंगळीत झिणझिण्या येत्यात. वस्ताद म्हणत्यात हाड मोडतंय, तेल लाव. ते तिसऱ्या हेडचं काय असंल का?

मनगटबहाद्दर
दादा, बायसेप्सचं नाही, हे मागच्या बाजूच्या ट्रायसेप्सचं असू शकतं. काहींमध्ये त्याचं आतलं हेड कोपराच्या आतल्या उंचवट्यावरून बाहेर घसरतं. कोपर वाकताना आधी अल्नर नर्व्ह (करंगळीकडे जाणारी नस) उंचवट्यावरून घसरते तो पहिला टक, आणि अजून वाकलं की ट्रायसेप्सची कड घसरते तो दुसरा. म्हणून दोनदा. काहींच्यात तिथे जास्तीचा पट्टाही असतो. बहुतेक वेळा नुसता आवाज असतो, पण करंगळीत झिणझिण्या म्हणजे नर्व्ह घासली जातेय. एक करा: हात सरळ ठेवून दुसऱ्या हाताचं बोट त्या उंचवट्यावर ठेवा आणि कोपर हळूहळू पूर्ण वाकवा. बोटाखालून दोन गोष्टी सरकल्या तर मी म्हणतो ते. हलत्या हाताची सोनोग्राफी केली की स्पष्ट दिसतं. तोपर्यंत जोर मारताना कोपर पूर्ण दुमडायचं टाळा.

शाहूनगरीचा_गडी
बोट ठेवून बघितलं. दोन सरकत्यात! वस्तादांच्या बी कोपराला बोट लावलं, त्यांचं बी वाजतंय. आता दोघं मिळून सोनोग्राफीला जातो.

ऋषितुल्य
श्लोक अजून शोधतोय.